हाताला बसेल असं पिस्तूल

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

प्रिय डॉईल आणि नॅडीन,

तुम्ही दोघं खुशाल असाल. तुमच्या टूसॉनला आत्ता अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून अंगणात बसायचे दिवस. आमच्या मिझुरीत अजून झोपताना नळ थेंबथेंब चालू ठेवावा लागतो, नाहीतर पाइप फुटतात. अक्षराकडे बघू नका, डाव्या हाताने लिहिते आहे. उजव्या मनगटाला प्लास्टर आहे, ते आणखी दोन आठवडे तरी निघणार नाही. मागच्या पायरीवर बर्फ साचला होता, पाय सरकला, एवढंच. डॉक्टर म्हणाले, या वयात हाडं अशीच मोडतात. मी विचारलं, या वयात म्हणजे कुठल्या? त्यांनी लगेच हवेपाण्याचा विषय काढला.

कामं बंद आहेत. माझी सगळी गिऱ्हाइकं म्हाताऱ्या बायका, घरातून न हलणाऱ्या. त्यांचे केस कापायला, कुरळे करायला मीच गाडी घेऊन जायची. मिसेस ऑटिंगर एक्याण्णव वर्षांच्या आहेत. त्यांनी फोन करून सांगितलं, "डोक्याचा खराटा झालाय, पण दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही. तू बरी हो." असली माणसं आहेत म्हणून बरं वाटतं.

आता मुद्द्याचं. परवा मी फोनवर म्हटलं की पिस्तूल घेणार आहे, तर तू इतका हसलास की पलीकडून नॅडीन विचारत होती, काय झालं म्हणून. "ट्वायला, तू स्वतःच्याच पायावर गोळी झाडशील!" आणि मग, "कुणी आलाच तर तुझ्या हातातून काढून घेईल." तुझ्या कपाटात अकरा बंदुका आहेत, डॉईल. तुला त्यातली एक तरी कशासाठी लागते, असं मी कधी विचारलं का? पप्पा तुला रानात न्यायचे, खारी मारायला शिकवायचे. मलाही न्यायचे. मी पोतं धरायची. पन्नास वर्षं पोतं धरून झालं माझं.

कारण काय, असं तू तीनतीनदा विचारलंस. कारण काय असायचं? हॉलिस जाऊन चौदा महिने झाले. विधवा बाई, एकटी राहते. शेजारचं घर पाऊण मैलावर. शेरीफच्या माणसाला बोलावलं तर तो वीस-पंचवीस मिनिटांनी येणार, तेही रस्ता कोरडा असेल तर. कामासाठी आडवाटेने फिरावं लागतं. झालं समाधान?

घर विकून तुमच्याकडे यायचं म्हणशील तर ते होणार नाही. तुमच्या त्या पाहुण्यांच्या खोलीत मी आठ दिवस राहिले होते. छान खोली आहे. पण खिडकीतून दुसऱ्याची भिंत दिसते.

तुझ्या लेकाची, टॅनरची चौकशी केलीस. बरा असेल. नाताळानंतर तो इकडे फारसा फिरकलेला नाही.

नॅडीन, मक्याच्या पावाची कृती पुढच्या वेळी पाठवते. डावा हात दुखायला लागला.

तुमची,
ट्वायला


१७ मार्च २०२४

प्रिय डॉईल,

हे पत्र नॅडीनला वाचून दाखव, तिला मजा वाटेल. फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस, म्हणून लिहिते. कागदाला तरी तुला मध्येच तोडता येत नाही.

प्लास्टर निघालं. हात निघाला तो चिकन सोलून ठेवल्यासारखा. बोटांत जोर नाही. डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दाबायला दिलाय, तो मी दिवसभर दाबते, अगदी चर्चमध्ये प्रार्थना चालू असतानासुद्धा.

आधी गावातल्या दुकानात गेले. काउंटरवरचा माणूस माझ्याकडे बघतो, माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो आणि आतून एक एवढंसं रिव्हॉल्व्हर आणतो. गुलाबी. "बायकांना हे फार आवडतं, पर्समध्ये राहतं." मी म्हटलं, "अहो, मी चाळीस वर्षं बायकांची नखं गुलाबी केली. मला नेलपॉलिश नकोय, पिस्तूल हवंय." मागे एक शेतकरी उभा होता, तो खोकल्याच्या निमित्ताने हसला. मी तशीच बाहेर पडले.

मग कुणीतरी मार्वा टीगचं नाव सांगितलं. ही पूर्वी बायकांच्या तुरुंगात पहारेकरी होती. सत्तावीस वर्षं. आता खाणीच्या जुन्या खड्ड्यात तिने चांदमारी केली आहे आणि तिथे शिकवते. माझ्यापेक्षा मोठी आहे, गुडघ्याने अधू आहे आणि गोड बोलणं तिला माहीतच नाही. तिच्याकडे आठ-दहा वेगवेगळी पिस्तुलं आहेत. म्हणाली, "विकत काही घेऊ नकोस. आधी सगळी हातात धरून बघ, मग चालवून बघ. बूट कसे घेतेस?"

पहिल्यांदा मी ते छोटं, हलकं रिव्हॉल्व्हरच मागितलं. वाटलं, लहान वस्तू, लहान धक्का. एक गोळी झाडली आणि मनगटातून कळ थेट दाताच्या मुळापर्यंत गेली. डोळ्यांत पाणी आलं. मार्वा म्हणाली, "हलक्याला धक्का जास्त. वजनच नसेल तर तो जोर जाणार कुठे? तुझ्याच हाडात जाणार." चापही इतका कडक की तो दाबता दाबता नेम पार जमिनीकडे गेला.

मग एक चपटं पिस्तूल दिलं. ते अंगाला घट्ट बसणाऱ्या ब्लाउजखालीसुद्धा दिसणार नाही म्हणे. पण गोळी भरायला त्याचा वरचा भाग मागे खेचावा लागतो, तो मला खेचेना. दोन्ही हातांनी, पोटाशी धरून, देवाचं नाव घेऊन, हलेना. मी म्हटलं, "मला काही जमायचं नाही, मार्वा." ती म्हणाली, "तुला हे जमत नाही. तेवढंच म्हण."

चौथ्या दिवशी सापडलं. दिसायला काही खास नाही. त्या चपट्यापेक्षा बोटभर मोठं, काळं, कोपरे घासलेले. स्प्रिंग मऊ आहे, वरचा भाग फ्रीजचं दार उघडावं तसा मागे येतो. मूठ एवढी की माझी करंगळीसुद्धा तिच्यावर बसते. हवेत लोंबकळत नाही. गोळी जरा कमी ताकदीची आहे. मला वाटलं, तू यावरही हसशील, म्हणून मार्वाला विचारलं. ती म्हणाली, "मोठी गोळी हुकली तर तिचा काय उपयोग? आणि दुखतं म्हणून तू सरावच सोडलास तर?" त्या दिवशी मी पन्नास गोळ्या झाडल्या. सात पावलांवरच्या कागदावर, एका ताटलीच्या आत, चव्वेचाळीस. पप्पा बघायला हवे होते.

पर्समध्ये ठेवायला तिने साफ मनाई केली. "पर्स तू गिऱ्हाइकाच्या टेबलावर ठेवून केस धुवायला जाणार आणि त्यांची नातवंडं त्यात चॉकलेट शोधणार. अंगावर नाहीतर कुलपात, तिसरी जागा नाही." म्हणजे कमरेला, चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये. त्यासाठी पट्टा हवा. आणि तुला माहीत आहे, हॉलिस गेल्यापासून मी इलॅस्टिकच्याच विजारी घालते. आता पट्ट्याच्या विजारी घेतल्या आणि वरून सैल कार्डिगन. मिसेस ऑटिंगरना वाकून शाम्पू लावताना ते बरगडीत टोचतं. त्यांनी निघताना मिठी मारली आणि चाचपून म्हणाल्या, "हे काय गं? ऑपरेशन झालंय का तुझं?" मी म्हटलं, हो, एक छोटंसं.

रोज संध्याकाळी, जेवण झाल्यावर, रिकामं पिस्तूल घेऊन सराव करते. डाव्या हाताने कार्डिगन वर, उजव्या हाताने बाहेर, बोट चापापासून लांब. शंभर वेळा. बोट लांब हे मार्वा इतक्यांदा ओरडते की मला ते झोपेतही ऐकू येतं. "चापावर बोट कधी जाणार? मनाशी ठरलं की. ठरण्याआधी नाही. आणि ठरायच्या आधी पळून जायला जागा असेल तर पळायचं. मान वगैरे घरी ठेवायचा."

एक गोष्ट सांगते. शेवटच्या दिवशी तिने एक कागद पुढे केला. झोपताना पिस्तूल कुठे असेल? आंघोळीच्या वेळी? घरी लहान मुलं येतात का? मी भराभर उत्तरं देत होते. मग तिने विचारलं, "तुझ्या घराची किल्ली आणखी कुणाकडे आहे?"

आणि मला रडू आलं, डॉईल. त्या खड्ड्यात, कानाला आवाज अडवणारे ते मोठे डबे लावून. का ते सांगत बसत नाही. मार्वाने काही विचारलं नाही. तिने तुरुंगात खूप बायका बघितल्या असतील. फक्त म्हणाली, "पिस्तूल नंतर. आधी कुलूप बदल."

कुलपं बदलली. पुढचं, मागचं, गराजचं. तुझ्याकडची किल्ली आता लागणार नाही, तेवढं लक्षात ठेव.

इथे आता डॉगवुड फुलायच्या बेतात आहे. तुझा रक्तदाब कसा आहे? मीठ कमी कर.

तुझी,
ट्वायला


१३ एप्रिल २०२४

डॉईल,

फोनवर ठेवलेला तुझा निरोप ऐकला. तीन वेळा ऐकला. "लेकरावर बंदूक रोखणारी बाई माझी बहीण असू शकत नाही." आणि, "तू कोर्टातला तो अर्ज मागे घेतला नाहीस तर आपला संबंध संपला."

लेकरू अठ्ठावीस वर्षांचं आहे. सहा फूट उंच आहे. त्याने तुला तुरुंगातून फोन करून जे सांगितलं ते तू ऐकलंस. आता माझं ऐक. मी खोटं बोलले तिथपासून सुरुवात करते.

मागच्या पायरीवर बर्फ होता हे खरं. पाय सरकला हे खोटं.

चौदा जानेवारी, रविवार. रस्ते गोठले म्हणून चर्च बंद होतं. मी बिस्किटांचं पीठ मळत होते. टॅनर आला, स्वतःच्या किल्लीने दार उघडून. अकराव्या वर्षापासून ती त्याच्याकडे होती. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, बस, दहा मिनिटांत गरम खायला देते. तो बसला नाही. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. सरळ चादरींच्या कपाटाकडे गेला, वरच्या फळीवर हात घातला.

हॉलिसची औषधं तिथे होती. शेवटच्या महिन्यातली, दुखण्यावरची, अफूच्या जातीची. एका पत्र्याच्या डब्यात. टाकून द्यायला हवी होती, मला माहीत आहे. पण डब्यावर हॉलिसने स्वतःच्या हाताने वेळा लिहिल्या होत्या आणि मला तो डबा टाकवत नव्हता.

मी कपाटासमोर उभी राहिले. "टॅनर, नाही." तो म्हणाला, "आत्या, बाजूला हो." मी झाले नाही. त्याने माझं मनगट धरलं आणि पिळलं. आवाज आला. वाळकी काटकी मोडावी तसा. आम्हा दोघांनाही तो ऐकू आला. त्याचा चेहरा पांढरा पडला. "सॉरी, आत्या, सॉरी," म्हणाला. मी खाली बसले होते. मला वाटलं, आता हा मला उचलेल, दवाखान्यात नेईल.

तो मला ओलांडून गेला आणि डबा घेऊन गेला.

अठरा मैल, बर्फावरून, एका हाताने गाडी चालवत मी दवाखान्यात गेले. दारातल्या नर्सने विचारलं, काय झालं? तेव्हा पायरीचं तोंडातून निघालं. मग तेच सगळ्यांना सांगत राहिले. तुलासुद्धा.

आणि आता जे लिहिणार आहे ते लिहायचं नाही असं मी तीन महिने ठरवलं होतं. तो डबा कुठे आहे हे टॅनरला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी फोनवर मी रडले आणि म्हटलं की हॉलिसची औषधं अजून चादरींच्या कपाटात आहेत, मला टाकवत नाहीत. जगात एका माणसाला सांगितलं होतं, डॉईल. तू मुद्दाम सांगितलंस असं मी म्हणत नाही. तू असं कधी करणार नाहीस. सहज बोलला असशील, "तुझी आत्या वेडी आहे, अजून औषधं जपून ठेवलीत." पण तो काय घेतो, हे तुला ठाऊक होतं. दोन वर्षांपासून ठाऊक होतं. आणि मी इथे एकटी होते.

म्हणून मी पिस्तूल घेतलं. आडवाटेसाठी नाही. तू विचारत होतास ना, कारण काय? तुझा मुलगा.

आता गेल्या शनिवारचं. सहा तारीख, सकाळचे अकरा. मिसेस ऑटिंगरचे केस कुरळे करायला निघाले होते, म्हणून पट्टा, होल्स्टर सगळं अंगावर होतं. त्याचा ट्रक आला आणि माझ्या गाडीच्या मागे, अगदी चिकटून उभा राहिला. पुढच्या दाराशी किल्ली खुडबुडली.

"आत्या, किल्ली लागत नाही."

"लागणार नाही. कुलूप बदललंय."

"दार उघड ना. फक्त बोलायचंय."

"तिथूनच बोल."

मग तो घराला वळसा घालून मागे गेला आणि स्वयंपाकघराची काच फुटली.

पुढच्या दाराने बाहेर पडता आलं असतं का, असं त्याचा वकील मला विचारणार आहे. गाडी अडवलेली होती. पायी गेले असते तर पाऊण मैलाचा चढ आहे आणि त्याचे पाय लांब आहेत. हे सगळं खरं आहे. पण तुला त्याहून खरं सांगते. मला जायचंच नव्हतं. ते माझं स्वयंपाकघर आहे.

मी फोन लावला, शेरीफच्या ऑफिसातली मुलगी बोलायला लागली, तो तसाच फ्रीजवर ठेवला. टॅनर खिडकीतून आत आला. हाताला काच लागून रक्त वाहत होतं आणि त्या हातात गाडीचं चाक उघडायची लोखंडी पहार होती. डोळे त्याचे नव्हते. म्हणाला, "उरलेली कुठे आहेत?"

"काही उरलं नाही. तू सगळं नेलंस."

"खोटं बोलतेस."

तो टेबलाच्या दिशेने आला. मी डाव्या हाताने कार्डिगन वर केलं आणि पिस्तूल बाहेर काढलं. शंभर वेळा केलेलं होतं, डॉईल, हाताने आपोआप केलं. मनगट दुखलंसुद्धा नाही.

"थांब."

तो हसला. अगदी तुझ्यासारखं हसतो. "तू? तू मला गोळी घालणार? तू माझं ढुंगण धुतलंयस, आत्या."

"धुतलंय. थांब."

त्याने एक पाऊल टाकलं.

माझं बोट चापावर गेलं. मार्वा काय सांगते ते मागच्या पत्रात लिहिलंच आहे. ठरल्याशिवाय जायचं नाही. तर ते ठरलं होतं. आणखी एक पाऊल आणि मी झाडली असती, आणि मी हुकले नसते. तुला काय वाटतं, मी फक्त भीती दाखवत होते? टॅनरला तसं वाटलं नाही. त्याने पिस्तुलाकडे बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि त्याला कळलं. पहार त्याने हळूच खाली ठेवली. मी म्हटलं, बस. तो शेगडीला पाठ लावून खाली जमिनीवर बसला.

तेवीस मिनिटं. फ्रीजवरून ती मुलगी मधून मधून विचारत होती, "मॅडम, तुम्ही आहात ना? गाडी निघालीय." मी आहे म्हणत होते. तो रडायला लागला. नंतर रडणं थांबलं. मग म्हणाला, "आत्या, पाणी दे ना."

नळ आमच्या दोघांच्या मधोमध होता. दोन पावलं. हाताच्या अंतरावर जायचं नाही, हे मला शिकवलेलं होतं. मी म्हटलं, "नाही."

"खूप तहान लागलीय गं."

"नाही, टॅनर."

तीन वर्षांचा असताना तू त्याला माझ्या दारात आणून सोडलंस, कागदी पिशवीत चार कपडे घालून. दोन महिन्यांसाठी, म्हणालास. पंधरा वर्षं झाली. ताप आला तरी मी, दात पडला तरी मी, शाळेत मारामारी केली तरी मी. त्या पोराला मी आयुष्यात कधी पाणी नाही म्हटलं नव्हतं. गोळी झाडण्याची तयारी झाली होती ते मला जड गेलं नाही. हे गेलं. अजून जातंय.

शेरीफची माणसं दारात आली तेव्हा तो मला काय म्हणाला, सांगू? "डॅडींना सांगू नकोस." बघ. मी जानेवारीतही सांगितलं नव्हतं.

मनाई हुकुमाचा अर्ज मी मागे घेणार नाही. सुनावणी चोवीस तारखेला सकाळी साडेनऊला आहे. तुला यायचं असेल तर ये. नसेल तर नको येऊस. संबंध संपवायचे असतील तर संपव, पण कारण खरं सांग लोकांना.

ट्वायला


२६ एप्रिल २०२४

डॉईल,

तू पोचलास असं नॅडीनने कळवलं. जाताना बाराशे मैल, येताना बाराशे मैल गाडी चालवायचं हे वय नाही तुझं. माझंही ऐकणारा तू नाहीस.

मला वाटलं नव्हतं तू येशील. आत शिरले तर तू बसलेला, सगळ्यात मागच्या बाकावर, ना माझ्या बाजूला ना त्याच्या. पप्पांच्या अंत्यविधीला घातलेला तोच कोट. मी तुला बघितलं असं दाखवलं नाही. दाखवलं असतं तर मला पुढे चालता आलं नसतं.

कारकुनाने विचारलं, "प्रतिवादीशी नातं?" मी म्हटलं, "आत्या. मीच वाढवलाय." जजबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. मग त्याच्या वकिलाने विचारलं, माझा खरोखर गोळी झाडायचा इरादा होता का. तो पोरगेला वकील मला एक सोपी वाट दाखवत होता, असं मला वाटतं. नव्हता म्हणाले असते तर सगळ्यांनाच बरं वाटलं असतं. तुलाही. मी म्हटलं, "होता." माझ्या मागे बाक करकरलं. तू बाहेर निघून गेलास.

त्यामुळे शेवट तू ऐकला नाहीस, म्हणून लिहिते. एक वर्षाचा मनाई हुकूम झाला. माझ्या घराच्या, माझ्या गाडीच्या आसपास त्याने फिरकायचं नाही. फोडाफोडीचा आणि मनगटाचा खटला वेगळा चालेल. गुन्हा कबूल केला तर स्प्रिंगफील्डच्या व्यसनमुक्ती केंद्रात सहा महिने ठेवतील, तिथे खाट रिकामी होईपर्यंत तुरुंगातच राहावं लागेल. टॅनर कबूल करणार आहे. त्याचं वजन तीन आठवड्यांत वाढलंय, हे तू बघितलंस का? गाल भरलेत. निघताना त्याने माझ्या मनगटाकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, मनगटाकडे. मी ते झाकलं नाही.

आणि बाहेर तू माझ्या गाडीला टेकून उभा. तुझा पहिला प्रश्न, "आत्ता आहे का तुझ्या कमरेला?"

"कोर्टात नेता येत नाही. गाडीत आहे, पेटीत, कुलपात."

तू मान हलवलीस. आणि म्हणालास, "डब्याचं मीच बोललो होतो, ट्वायला. नाताळात फोनवर. हसत हसत बोललो होतो."

मी तिथे काही बोलले नाही. तू वाट बघितलीस, मग गाडीत बसलास आणि गेलास. मला राग आला म्हणून मी गप्प बसले असं वाटलं असेल. राग होताच. पण तेवढंच नव्हतं. पप्पा गेल्यापासून आजवर तुला कुठलीच चूक कबूल करताना मी ऐकलेलं नाही. काय म्हणायचं असतं अशा वेळी, ते मला माहीत नव्हतं. आता दोन दिवस विचार करून लिहिते आहे: ऐकलं मी. माफ केलं असं आत्ता म्हणत नाही, कारण ते खरं नाही. पण ऐकलं, आणि तू ते बोलायला बाराशे मैल आलास हे मी धरून चालते.

नॅडीनने फोनवर हळूच विचारलं, आता सगळं मिटलं तर पिस्तूल विकणार का. नाही. उद्या सकाळीसुद्धा खाणीत सराव आहे. मार्वा म्हणते, आता नेमापेक्षा माझं खरं बोलणं सुधारलंय. मिसेस ऑटिंगरना मी खरं काय ते सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मग इकडे बस आणि दाखव कसं चालतं, मला अजून दिसतं." गावात दोन-चार जणी माझ्याशी बोलत नाहीत, आपल्याच घरच्या मुलावर बंदूक धरली म्हणून. त्यांचे केस दुसरं कुणीतरी कापेल.

आता शेवटचं. केंद्रात पहिला महिना कुणाला भेटू देत नाहीत. त्यानंतर रविवारी दुपारी दोन तास नातेवाइकांना सोडतात. मी चौकशी केली आहे. मनाई असल्यामुळे मी तिथे जायचं नाही, असं माझ्या वकिलीणबाईंनी बजावलंय. पण मनाई नसती तरी मी गेले नसते. शाळेत मी गेले, दवाखान्यात मी गेले, दोनदा तुरुंगाच्या दारात जाऊन त्याला मीच घेऊन आले. आता तुझी पाळी आहे, डॉईल. केंद्राचा पत्ता आणि फोन मागच्या बाजूला लिहिलाय. इथून जवळ आहे, पन्नास मैल. शनिवारी रात्री माझ्याकडे उतर, रविवारी सकाळी नाश्ता करून जा. आल्यावर तो काय म्हणाला ते मला सांग. नाही सांगितलंस तरी चालेल. पण जायचं. एकदा नाही, दर महिन्याला, तो सुटेपर्यंत. कुठलंही कारण मी ऐकून घेणार नाही.

कुणाचीही माफी न मागता,
तुझी बहीण, अजूनही,
ट्वायला